धर्मा नाखवा आणि रुसलेली घोडी

"उतर! उतर म्हनतो ना खाली! आजारी जनावराच्या पाठीवर बसतंस, लाज नाय वाटत तुला?"

धर्मा नाखवा ओरडत होता. नाखव्याचं ओरडणं म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पटायचं नाही, तरी सांगतो. ठाण्यातल्या आमच्या कारखान्याच्या आवारात तो ओरडला की आवाज खाडी ओलांडायचा, मुंब्र्याच्या डोंगरावर आपटायचा आणि परत येईपर्यंत नाखव्याचा चहा पिऊन झालेला असायचा. यात मी मीठ घातलेलं नाही. घातलंच असेल तर चवीपुरतं.

नाखवा आमच्या मेंटेनन्सचा फोरमन. घर कोपरीला. बाप-आजे खाडीत होडी घालणारे. पुढे खाडीतली मासळी आटली तसा हा होडीच्या इंजिनावरून कारखान्याच्या इंजिनांवर आला. नावं त्याच्या लक्षात राहत नसत, म्हणून माणसाला तो गावावरून हाक मारी. मी स्टोअर सांभाळायचो आणि डोंबिवलीहून यायचो, म्हणून मी ‘डोंबिवली’. आत्ता ज्याला तो खाली उतरवत होता तो माळी ‘कल्याण’.

माणसांवर असा गरजणारा हा गृहस्थ मशीनपुढे मात्र लोण्यासारखा. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरच्या पोटावर हात ठेवून म्हणायचा, "काय झाला गो बाय? कोन बोलला तुला?" आणि खरंच सांगतो, दहातल्या सहा मशिनी एवढ्यावरच सुरू व्हायच्या. त्याचं शास्त्र दोन वाक्यांचं होतं. "आधी बोलायचा, मंग खोलायचा." आणि दुसरं, "बिघडल्या मशिनीच्या अंगावरनं पयला मानूस उतरवायचा." क्रेनवाला उतरायचा, ट्रकवाला उतरायचा. एकदा लिफ्ट अडकली तेव्हा आत अडकलेल्या हिशेबनीसालाही त्याने "उतर!" म्हणून फर्मावलं होतं.

त्या दिवशी आजारी होती ती लाल घोडी. आमच्या परदेशी भागीदाराने मोठ्या मशिनींबरोबर भेट म्हणून पाठवलेलं गवत कापायचं यंत्र; वर एक खुर्ची, चार चाकं, पोटाखाली पाती. कल्याण तिच्यावर बसून लॉनमधून फिरायचा तेव्हा थेट सरदार दिसायचा. पण पावसाळाभर घोडी शेडमध्ये पडून राहिली आणि इकडे गवत माजलं. इतकं माजलं, की पान खायला त्यात शिरलेला शिपाई जेवणाच्या सुट्टीतच सापडला.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच लॉनवर नाखव्याच्या मुलीच्या लग्नाचं जेवण होतं! व्याही वेसाव्याचे, स्वतःच्या दोन ट्रॉलरवाले. सुपारी फुटली तेव्हा कोणीतरी तिकडून टोमणा मारला होता, "ठाण्याला आता मासळी नाय, जागा तरी हाय काय?" नाखव्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, "कंपनीचा लॉन हाय! मुंबयच्या शेटलोकांना मिलनार नाय असा!" मग तो साहेबांकडे गेला. आमचे जनरल मॅनेजर भले माणूस, त्यांचा जीव फक्त लॉनच्या कडेच्या गुलाबांत. ते म्हणाले, "लॉन घ्या नाखवा, पण गवताचं तुम्ही बघा."

मांडववाले चारला यायचे होते. घोडी सकाळपासून ढिम्म.

कल्याणने किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. नाखव्याने त्याला उतरवलं, बॅटरी पाहिली, तिच्या टोकांवर हिरवं साचलेलं. गरम पाणी वेळेवर मिळेना तर त्याने माझ्या हातातला चहा त्यावर ओतला, पुसलं, आवळलं. आता घोडी घरघरू लागली, पण पेटेना. जुनं पेट्रोल काढलं. नवं घातलं. फिल्टरमध्ये एका चिमणीचा संसार निघाला, तो अलगद कौलावर ठेवला. प्लग काढून पाहिला तर ठिणगीच नाही. मी स्टोअरमधून नवा प्लग आणला, मग दुसरा, मग तिसरा. नाखवा घोडीच्या शेजारी उभा राहून वाकून किल्ली फिरवत होता, कानात सांगत होता, "माज्या पोरीचा लगीन हाय गो. आजच्या दिस ऐक." घोडी ऐकेना.

"नाखवा, मी बसून बघू का एकदा?" कल्याणने विचारलं.

"बस! तिच्या छातीवर बस! मेली तर तेरावा पन तूच घाल!"

दोन वाजले. नाखव्याच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "डोंबिवली," तो हळूच म्हणाला, "पोर काय बोलेल रं? बापाने तोंड वर करून सांगितला नि बाप गवतात गेला."

एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि चांगुणावहिनी उतरल्या. नाखव्याच्या बायकोचा कोपरीच्या बाजारात असा दरारा, की पापलेटसुद्धा त्यांच्या टोपलीत सरळ रांगेत झोपायचं. अंगावर नऊवारी, गालाला हळद.

"हलद लागली पोरीला, नि बाप हितं मशिनीला हात लावीत बसलाय?" असं म्हणत त्यांनी बसायला जागा पाहिली. खोक्यांवर ऑईल, गवत ओलं. त्या सरळ घोडीच्या खुर्चीवर बसल्या.

"उतर!" मुंब्र्याचा डोंगर हादरला.

"नाय उतरनार. पहाटेपासून उबी हाय मी. पाय माजं दुखतान."

"अगो, मेलीये ती! हे बघ!" बायकोला पटवायला म्हणून नाखव्याने किल्ली फिरवली.

घोडी गरजली. वहिनींनी दचकून हाताला लागले ते दोन्ही दांडे ओढले, आणि घोडी गवतात घुसली. मागे नाखवा, कल्याण, मी. एका खड्ड्यात वहिनी वर उडाल्या, तसं इंजिन खोकलं. त्या पुन्हा टेकल्या, इंजिन गरजलं. नाखवा धावता धावताच थबकला. त्या परदेशी शहाण्यांनी खुर्चीखाली बटण ठेवलं होतं: माणूस बसलेला नसेल तर ठिणगीच पडायची नाही. घोडी सकाळीच बरी झाली होती. पुढे आम्हीच तिच्यावर कोणाला बसू देत नव्हतो.

"उतरू नको!" नाखवा आता उलटं ओरडायला लागला. "चांगुना, कायबी होवदे, उतरू नको!"

"उतरतंय कोन? तू जा हलदीला, बाप लागतो तिथं. कल्यान, थांबवायचा कसा तेवढा सांग नि बाजूला हो."

त्यांनी चारपर्यंत अख्खं लॉन कापलं. पट्टे थोडे भरतीच्या लाटांसारखे आले, पण दुसऱ्या दिवशी वेसावेकरांना वाटलं ती मुद्दाम केलेली नक्षीच आहे. व्याही बूट काढून त्यावर चालले. नाखवा रात्रभर इतका हसत होता की बँडवाल्यांनी दोनदा वाजवणं थांबवून त्यालाच वाजू दिलं.

पुढे कारखाना गेला, नाखवाही गेला. हातातलं काम अडलं की मला त्याचं सुधारलेलं शास्त्र आठवतं: "आधी बसायचा, मंग बोलायचा, मंग खोलायचा. तरी नाय झाला तर बायकोला बोलवायचा."

त्या लग्नाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत आमचे साहेब हातात ताट घेऊन लॉनच्या कडेला बराच वेळ उभे होते. मी आणि वहिनी शेजारीच होतो. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"वहिनी, इथे माझे गुलाब होते."

वहिनींनी त्यांच्या ताटात कोलंबी वाढली.

"व्हते," त्या म्हणाल्या. "भात आनू?"