नानांनी मोजलेले आठ रणगाडे

फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. लोणखेड्याच्या कॉलेजात मी संरक्षणशास्त्र शिकवतो. फळ्यावर प्रश्न लिहिला होता : रणगाड्यांच्या लढाईत शत्रू हलण्याआधीच आपण हल्ला केला, तर त्या हल्ल्याचं यश मोजायचं कसं? वर्गात मी फोन घेत नाही. तो वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला... तिसऱ्यांदा घेतला, तर नानांची सून बोलत होती. नाना सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले, ते बसलेलेच राहिले. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि चक्क पुढचा मुद्दा शिकवायला लागलो. काय शिकवलं ते आठवत नाही. महिना उलटला, पण ते "बरं" अजून माझं मलाच ऐकू येतं.

नाना नात्याने माझे कोणी नव्हते. माझे वडील रणगाड्यावर तोफची होते आणि नाना त्याच रणगाड्याचे चालक. दोघं तापीकाठच्या एकाच गावचे, भरतीलाही एकत्रच गेलेले. एकाहत्तरच्या लढाईत वडील गेले, नाना वाचले. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढे सुट्टीवर आले की नाना आधी आमच्या घरी येत, मग स्वतःच्या. मला खांद्यावर घेऊन सांगत, "बापू, आमनी तुकडीनी आठ गाड्या फोड्यात. त्या चाली येवाना पहिलेच! नि पहिला गोळा तुन्हा बापना व्हता." इतर पोरांना बाप होते, मला आठ रणगाडे होते. शाळेत कोणी चिडवलं की मी ते आठ काढायचो आणि समोरचा गप्प व्हायचा.

मी हा विषय घेतला तो त्यामुळेच. माझा पीएच.डी.चा प्रबंध आधी केलेल्या हल्ल्याच्या परिणामकारकतेवर आहे. मोजमाप सोपं ठेवलं होतं : त्यांचे किती फुटले आणि त्या बदल्यात आपले किती गेले. नानांची लढाई त्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण ठरली, आठास एक. तो एक म्हणजे माझे वडील, हे मी तळटीपेतसुद्धा लिहिलं नाही. शास्त्रात भावना नको, एवढा मी शहाणा! नानांना ते प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आठ फुटनात हाई खरं शे. पन त्यामातला येनारा किती व्हतात, हाई कोनी मोजं का?" मी हसलो. म्हटलं, नाना, जे आलेच नाहीत ते मोजायचे कसे? म्हातारा माणूस, बोलतो काहीतरी, असं मी मनात म्हटलं.

यंदा त्या प्रबंधाचं पुस्तक व्हायचं ठरलं. लष्करात नव्याने जाणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल, असं प्रकाशक म्हणाला. छापायला जाणारी पानं घेऊन मी नाचतच नानांकडे गेलो. त्यांनी त्यांच्या लढाईचं पान काढायला लावलं, त्यावर हात ठेवला आणि सांगितलं... युद्ध थांबल्यावर तो भाग आपल्या ताब्यात आला होता आणि फुटलेल्या गाड्या मोजायला नानांनाही नेलं होतं. "आठ व्हत्यात, बरोबर. पन सहा गाड्यास्न्या साखळ्या काढेल व्हत्यात. लाकूडना ठोकळास्वर उभ्या व्हत्यात, इंजिन बाहेर. दुरुस्तीनी जागा व्हती ती, बापू. त्या कोठेच येनार नव्हत्यात." हात पानावरच ठेवून ते पुढे म्हणाले, "आमीन पहिले मारं, म्हनीसन त्यास्ले आमनी जागा समजनी. मंग खऱ्या चालत्या गाड्या बाजूथीन चाल करीसन उन्यात. तुन्हा बाप त्यामा गया. हाई पुस्तक वाचीसन उद्या कोनी पोऱ्या असंच पहिले मारी."

माझं आख्खं मोजमाप त्या एका पानावर कोसळलं. खरं तर एका शिक्षकाने त्या क्षणी या माणसाचे पाय धरायला हवे होते. इतकी वर्षं मी जो प्रश्न हसण्यावारी नेला, त्याचं उत्तर हा गृहस्थ डोळ्यांनी बघून आला होता. पण तिथे शिक्षक नव्हताच, पाळण्यातलं पोर होतं. मी ओरडलो, "नाना, तुम्ही खोटं आत्ता बोलताय की तेव्हा बोलत होतात?"

"तव्हय बोलनू," ते म्हणाले.

"मग जन्मभर खोटारडेपणा केलात माझ्याशी," असं म्हणून मी पानं गोळा केली आणि उठलो. बारा दिवस फोन केला नाही. अबोला धरायला समोर माणूस लागतो, हे तेराव्या दिवशी कळलं.

त्यांची क्रिया झाल्यावर मी पुस्तक थांबवलं. आता मायला सांगणं भाग होतं. तीही पंच्याहत्तरीला आली आहे. तिला हे सांगायचं म्हणजे तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारण्यासारखं, असं मला वाटत होतं. ती ओसरीत मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी अडखळत सगळं सांगितलं : त्या साखळ्या, ते ठोकळे, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तुन्हा नानानी माले पहिली सुट्टीमाच सांगेल व्हतं. मीच त्याले शपथ घाली. म्हनं, पोऱ्याले बाप तं भेटना नही, बापना मोठेपना तरी भेटू दे."

मग तिनेच विचारलं, "तुले सांगं तव्हय त्यानी मन्हं नाव लिधं का?"

"नाही."

मग मात्र तिचा हात थांबला. मिरचीचे हात डोळ्यांना लागतील हे विसरून ती रडली. वडिलांसाठी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना खोटारडा म्हणालो, तेव्हा "जा, तुझ्या मायला विचार" एवढं जरी नाना बोलले असते, तरी सुटले असते. ते बोलले नाहीत. काठी टेकत माझ्या गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "जपीसन जाय बापू, रस्तावर ऊसना ट्रॅक्टर चाली ऱ्हायनात."