परवाची तपासणी

तो दिवस आठवला की अजूनही माझे पाय खुर्चीखाली हलायला लागतात. ना खून, ना दरोडा. पण त्या अडीच तासांत मी ठाण्यात जेवढ्या येरझाऱ्या घातल्या, तेवढ्या आख्ख्या नोकरीत घातल्या नसतील.

मालेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. सोयाबीनच्या मळणीचे दिवस. सकाळी आठची हजेरी चालू होती आणि मेडशीकडची एक बाई शिपायांच्या रांगेतून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, माहा नवरा गेला."

"कुठे?"

"गोळी खाले."

जमादारांचं पेन थांबलं. आमच्या दोघांच्या मनात एकच आलं: विष. जीप काढायला सांगणार, तेवढ्यात बाई ओरडली, "तशी गोळी नाही हो! औषधाची. शहरात नवं औषध माणसाले देऊन पाह्यतात न, तिथं."

तिला बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा पस्तिशीचा, घरची शेती. औषध चाचणीच्या केंद्रात याआधी दोनदा जाऊन आलेला. तिथे आधी रक्त-लघवी तपासतात आणि धडधाकट माणसालाच घेतात.

"तरुणपणी तुमच्या भरतीत छातीत अर्धा इंच कमी पडला होता, साहेब. तवापासून त्याले त्या 'पास'चं लय कवतिक. मागचा कागद भिंतीले लावून ठेवला त्यानं."

"मग या वेळी काय झालं?"

"तपासणी झाली, पास झाला. अन् मंग कावीळ झाली."

डोळे पिवळे झाल्यावर गावातल्या म्हातारीने त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती. वनस्पतीच्या काड्यांची ही माळ दिवसागणिक सैल होऊन लांबत जाते. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली, असं आमच्याकडे मानतात. बाई मात्र शहाणी, त्याला सरकारी दवाखान्यातही घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की लिव्हर सुजलंय, आम्हाला विचारल्याशिवाय डोकेदुखीचीसुद्धा गोळी घ्यायची नाही, जिवावर बेतेल.

"माळ अजून छातीवरच होती. काल सकाळी एजंटासंगं निघून गेला. फोन बंद लागून राह्यला. आज गोळी देनार हायेत, साहेब."

आज. किती वाजता? तिला माहीत नव्हतं. केंद्राचं नावही माहीत नव्हतं.

माणसं केंद्रात नेणारा तो एजंट तिच्या सांगण्यावरून शिरपूरच्या बस स्टँडवर सापडला. साडेनऊला माझ्यासमोर होता. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग. स्वतःला 'कोऑर्डिनेटर' म्हणवायचा.

"त्याची तपासणी कधी झाली?"

"परवाच झाली, साहेब."

"परवा म्हणजे?"

"म्हंजे... परवा. दसऱ्याच्या आगंमागं."

आमच्याकडच्या 'परवा'ची हीच तर गंमत आहे. होऊन गेलेलं परवा, व्हायचं आहे तेही परवा. आणि मागचं काही आठवायची इच्छा नसेल, तर तेसुद्धा परवाच.

"त्याला कावीळ झालेली तुला ठाऊक होतं?"

"आईची आन, नाही."

जमादारांनी त्याची बॅग टेबलावर उपडी केली. फायली, स्टॅम्प पॅड, कंगवा आणि काड्यांची एक माळ. बाई ताडकन उठली.

"हे त्याचीच हाय!"

"माही हाय," एजंट म्हणाला. "मलेच झाली कावीळ."

मला नाटकाची हौस जुनीच. मी माळ उचलून विधिपूर्वक त्याच्या गळ्यात घातली, हात जोडले आणि म्हणालो, "जमादार, माणूस आजारी आहे. दवाखान्यात न्या. मोठी सुई लावून पाच-सहा बाटल्या रक्त तपासायला सांगा."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सुई नोको, साहेब! मले चक्कर येते सुईनं!"

"अन् दुसऱ्याले काहून नेतो रे, भामट्या?" बाईने विचारलं.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. माळ त्यानेच बसमध्ये काढून घेतली होती. डोळ्यांबद्दल विचारलं तर मळणीची धूळ गेली म्हणून सांग, असं शिकवलं होतं. केंद्राचा फोन नंबर दिला. गोळ्या दहा वाजल्यापासून, ओळीने. नवऱ्याचा नंबर अठरा.

भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोन लावला. तिकडून गोड आवाज आला, "ही माहिती गोपनीय असते, सर." मी माझा परेडचा आवाज काढला. तिथल्या पोलिसांची गाडी दारात पाठवतो म्हणालो. तेव्हा कुठे डॉक्टर फोनवर आले.

"त्यांची तपासणी नियमात आहे. आमच्याकडे एकवीस दिवसांपर्यंतची चालते."

"याची किती दिवसांची आहे?"

कागद उलटल्याचा आवाज. "एकोणीस."

"आणि काल आल्यावर?"

"वजन, नाडी, ब्लड प्रेशर. सगळं ठीक आहे."

"डॉक्टरसाहेब, आता कितवा नंबर चालू आहे?"

"चौदा."

"त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून तुम्ही स्वतः बघा. मी फोन धरतो."

बाई पदराचं टोक पिळत माझ्या कानाकडे बघत होती, जणू तिथून काही सांडणार होतं. फोनची वायर ताणून मी जमेल तेवढ्या येरझाऱ्या घातल्या. एजंट माळ गळ्यात घालून तसाच बसला होता.

मग डॉक्टरांचा आवाज आला, बराच खाली. "पिवळे आहेत. त्यांना बाजूला घेतलंय."

बाईने पिळलेलं पदराचं टोक सोडलं. कितवा नंबर झाला होता, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. सतरा.

दुसऱ्या दिवशी नवरा तिच्यासोबत ठाण्यात आला. मान खाली. "साहेब, फेल झालो न मी?"

बाईच म्हणाली, "तू कायले फेल? कागद फेल झाला. तू घरी चाल."

एजंटावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. पण मला बोचत राहिलं ते वेगळंच. तपासणी खोटी नव्हती, नियमातही बसत होती. मधल्या दिवसांत माणूस बदलला, कागद बदलला नाही. गोळी द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा रक्त तपासावं, असं सविस्तर पत्र मी केंद्राला लिहिलं. 'पत्र मिळाले' एवढंच उत्तर आलं.

आमच्या कोठडीतल्या आरोपीची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते. तो चोर असो की खुनी, दोन दिवसांपूर्वीचा कागद आम्हाला चालत नाही. पूर्वी मला ती कटकट वाटायची. त्या प्रकरणानंतर मी एकदाही कुरकुरलो नाही.

एजंटाला कोठडी मिळाली होती. अटकेवेळच्या तपासणीला दोन दिवस भरले तसे जमादारांनी गजांबाहेरून हाक मारली, "चला कोऑर्डिनेटर, दवाखान्यात. तपासणी."

तो कोपऱ्यात सरकला. "पुन्हा? परवाच तर झाली, साहेब!"

मी घड्याळ पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा परवा बरोबर होता.