कोनशिलेवरचं लुगडं

आज चौकातून जाताना वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हिरवं लुगडं वाळत होतं. मला फार बरं वाटलं. कितीतरी वर्षं कुलूपबंद पडलेल्या या कापडदुकानाच्या इमारतीत आता खाली नाटकांच्या तालमी होतात आणि वर कलावंत राहतात. उद्घाटनाच्या सकाळी मात्र व्यवस्थापकांनी खालून हाक मारली होती, "इंदूताई, ती दोरी काढा. पाहुणे यायचेत, इमारतीची शोभा जाते."

"धुणं वाळत घालायचं नाही, तर राहायचं कसं?" नाटकांचे कपडे शिवणाऱ्या इंदूताई म्हणाल्या आणि दोरी सोडू लागल्या.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि लक्षात आलं, की कोनशिलेवर टाकायचा पडदा कुणी आणलेलाच नाही. व्यवस्थापकांनी पुन्हा वर पाहिलं.

"लुगडं देते," ताई म्हणाल्या, "पण दोरी राहील."

तेच लुगडं बाजूला सारून पाहुण्यांनी इमारत जनतेला अर्पण केली आणि संस्कृतीवर भरपूर बोलले. पण रिकाम्या इमारतीला जाग भाषणांनी येत नाही. तिथे कुणीतरी धुणं वाळत घालावं लागतं. कोनशिला वाचायला थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वर मात्र आता तीन दोऱ्या आहेत.