डेपोच्या साहेबांचा सत्कार

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. गावातून मी आणि दोन मुलं, असे तिघं बसने जात-येत होतो.

त्या वर्षी भाडं वाढलं, पासही महागला. डेपोत पाटी लागली होती, 'उत्तम सेवेसाठी भाडेवाढ'. त्यानंतर संध्याकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबायचीच बंद झाली. कंडक्टर म्हणायचा, "पासवाल्यांसाठी ब्रेक मारत नाही मी. पुढे उतरा." मग पुढच्या फाट्यावर उतरून रस्त्याच्या कडेने मागे चालत यायचं. गाडीत अर्ध्या सीटा फाटलेल्या आणि काही खिडक्या अडकलेल्या. उत्तम सेवा ती हीच असावी.

माझी खरी अडचण घरी होती. सकाळची गाडी बाजारकरूंसाठी नेमाने थांबे, त्यामुळे संध्याकाळची थांबत नाही हे नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पटत नव्हतं.

"इतली मोठी गाडी पास काढेल पोरले टाकी जाई का? तू शहरमा रेंगाळस आनि गाडीनं नाव सांगस. आखो एक दिन उशीर व्हयना ते कॉलेज बंद."

नाना बोलत ते करत. मी दोन रात्री बसून डेपोच्या साहेबांना द्यायचा अर्ज लिहिला आणि गावातल्या आबांना दाखवला. गावची सगळी कामं आबाच मिटवत. त्यांनी तो न वाचताच परत दिला.

"अर्ज कसाले? अर्ज दिधा का साहेब चिडी जास. त्याले टॉवेल-टोपी द्या, नारळ द्या. बठ्ठं नीट व्हई जाई."

आमच्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. व्याह्याला देतात, आमदारालाही देतात. पण ज्याची गाडी आपल्याला टाकून जाते त्यालाही द्यायची, हे मला तेव्हाही कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी फाट्यावरच मांडव घातला. आभाराचं भाषण माझ्याकडे होतं, म्हणून त्या दिवशी कॉलेजला गेले नव्हते. साहेब आले ते जीपमधून. उतरताच त्यांनी आबांना विचारलं, "हे गाव कोणत्या रस्त्याला लागतं हो?" ज्या रस्त्यावरून ते आत्ता आले होते, त्याच. या माणसाच्या हातात आमचं वेळापत्रक होतं.

टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर अशा थाटात साहेब भाषणाला उभे राहिले. "प्रवासी हा आमचा देव आहे," ते म्हणाले. "तुमच्या अडचणी आम्ही स्वतः जातीने पाहतो."

तेवढ्यात धुळ्याकडून संध्याकाळची गाडी आली. तिने हॉर्न दिला. माझ्याबरोबरची दोन्ही मुलं खिडकीतून हात काढून ओरडत होती, "थांबवा! थांबवा!" मांडवाची झालर उडवत गाडी निघून गेली. माणसं धूळ झटकू लागली.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि प्रसन्न हसले. "पाहिलंत? अगदी वेळेवर आहे!"

मागून एक अक्का ओरडली, "साहेब, गाडीले बी टॉवेल-टोपी द्या, म्हंजे थांबी ती!"

माणसं हसली. आबांनी डोळे वटारले आणि मला खूण केली. पाठ केलेलं भाषण मला आठवेना. मी एवढंच म्हणाले, "साहेबांचे आभार. रोज आमची गाडी अशीच जाते. आज ती त्यांनीही पाहिली." आणि खाली बसले.

साहेबांना त्यातलं काही लागलं नाही. त्यांनी मान डोलावली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटभर खाल्लं, थोडं डब्यात भरून घेतलं आणि जीपमध्ये बसले. संध्याकाळची गाडी मी शिकून बाहेर पडेपर्यंत कधीच थांबली नाही.

नाना मात्र मांडव सुटला तरी रस्त्याच्या कडेला उभे होते. ती दोन मुलं पुढच्या फाट्यावरून चालत येताना त्यांनी पाहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सोमवारपासून पुढला फाटावर मी सायकल लिसन उभा राहसू. कॉलेज सोडू नको."