लोटूचा उजवा पाय

हां, तर काल आपण लोटूला रुळावर सोडून जेवायला उठलो. पुढची चाकं पलीकडच्या रुळापार, मागची अजून अलीकडं, आणि इंजिन गप्प. खरं सांगतो, काल मला भात गोड लागला नाही. पंचवीस वर्षं होऊन गेली, पण सांगायला बसलो की तो गडी माझ्यासाठी पुन्हा तिथंच अडकतो. आधी त्याला तिथून काढू.

काल जे बसले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. लोटू माझ्याच गावचा, पारोळ्याकडचा, माझ्याच वर्गातला. सुरतेत उधन्याला आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून. मी कापडाच्या मागावर, तो गाडीवर. कडोदऱ्याच्या एका कापडवाल्या शेठकडं तो ड्रायव्हर होता. शेठची सात वर्षांची नात निशा, तिला सकाळी शाळेत सोडायचं आणि दुपारी परत आणायचं हे त्याचं पहिलं काम. वाटेत भुसावळच्या लाइनीचं फाटक. साल अठ्ठ्याण्णव, मार्चचा शेवट, डोक्यावर ऊन. शाळेतून येताना गाडी उघड्या फाटकात शिरली आणि रुळांच्या मध्यावर बंद पडली. ना धक्का, ना धूर. नुसती बंद.

लोटूनं चावी फिरवली. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. तेवढ्यात फाटकवाला खोलीतून बाहेर आला, हातात लाल झेंडी, तोंडात शिट्टी. मालगाडी निघाली होती.

आता तुम्ही म्हणाल, आधी मागचं दार उघडून पोरीला बाहेर काढायचं. लोटूनं ते केलं नाही. पहिल्या गियरात टाकून नुसत्या सेल्फवरही गाडी चार हात पुढं सरकते, ट्रकवर असताना त्यानं ते दहादा केलं होतं, तेही त्याला सुचलं नाही. तो चावी फिरवत राहिला आणि उजव्या पायानं रेस दाबत राहिला. कारण काय, तर त्याचा सगळा भरवसा त्या पायावर. वीस वर्षं ट्रक आणि जुन्या गाड्या हाकलेला माणूस. थंडीत सापुताऱ्याच्या घाटात दुसरे ड्रायव्हर हँडल मारून मारून थकायचे, तेव्हा लोटूला हाक मारायचे. तो वर चढायचा, पाय दोनदा हलका दाबायचा, तिसऱ्यांदा अर्ध्यावर धरायचा आणि इंजिन खोकत का होईना, उठायचं. मरायला लागलेलं इंजिन पायानं धरून ठेवायचं, हीच त्याची सगळी विद्या. शाळेत आम्ही दोघंही गणितात सारखेच कच्चे होतो, पण हे गणित त्याला कुणी न शिकवता यायचं.

मागून आलेल्या टेंपोतले चार हमाल खाली उतरले, तोंडानं शिव्या आणि हातानं धक्का, अशी त्यांनी ती गाडी पार केली. नंतर मालगाडी गेली. लोटू स्टिअरिंग धरून बसला होता, घाम मानेवरून खाली. निशा मागच्या काचेला नाक लावून डबे मोजत होती. अठ्ठावन्न भरले. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "लोटूकाका, काले फरी बंद करजो ने." उद्या परत अशीच बंद करा म्हणून.

सुटला आपला माणूस. पण खरी भीती इथून सुरू होते, कारण दहा मिनिटांनी त्यानं चावी फिरवली आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली.

त्यानं शेठला एवढंच सांगितलं की गाडी रस्त्यात बंद पडते. कुठं बंद पडली ते जिभेवर आलं नाही. मलाही दोन दिवस बोलला नाही. मला कळलं ते त्याच्या बायकोमुळं, सरलाबाईमुळं. लोटू खाटेवर बसून चहा प्यायचा तेव्हा त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा, सुटायचा, परत दाबला जायचा. ती म्हणाली, "पाय कसाले दाबी ऱ्हायनात तुम्ही?" त्यानं पायाकडं असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. मग बशी खाली ठेवून सगळं सांगितलं. सांगताना एकच वाक्य तीनदा म्हणाला, की मी पोरीला उतरवलं नाही.

गाडी दोन मिस्त्र्यांनी पाहिली. एकानं प्लग साफ केले, एकानं पेट्रोलची नळी बदलली. थंड असताना गाडी शहाण्यासारखी चालायची, तापली की तिच्या मनात येईल तिथं बंद. लोटू फाटक टाळून लांबच्या रस्त्यानं जायचा. पोरीला उशीर व्हायचा, शाळेतून चिठ्ठी आली. शेठ म्हणाला, सोमवारपासून परीक्षा आहे, तोवर गाडी नीट कर, नाहीतर मी दुसरी सोय बघतो. दुसरी सोय म्हणजे गाडी की ड्रायव्हर, हे त्यानं सांगितलं नाही आणि लोटूनं विचारलं नाही.

शेवटी गणपत मिस्त्री भेटला. त्याचं गॅरेज उधन्याला, रेल्वेच्या भिंतीला लागून. नव्या गाड्यांचं काम तो मुंबईला जाऊन शिकून आला होता. त्यानं सांगितलं की या गाडीला कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर आहे. खाली इंजिनाचा क्रँक फिरतो, त्याच्या शेजारी बोटाएवढा एक सेन्सर बसलेला असतो, तो कॉम्प्युटरला सांगत राहतो की क्रँक फिरतोय. तो तापला की मुका होतो. मग कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन थांबलंय, आणि तो पेट्रोल बंद करतो. लोटूनं विचारलं, मग मी रेस देत होतो ती कुठं गेली? गणपत म्हणाला, कुठंच नाही. सेन्सर मुका असला तर तू नाचलास तरी उपयोग नाही.

रात्री हे मला सांगताना लोटूचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं. ज्या पायावर विसंबून त्यानं पोरीला आत ठेवलं, तो पाय त्या दिवशी कशालाच जोडलेला नव्हता.

नवा सेन्सर मुंबईहून शुक्रवारी आला. शनिवारी आमच्या भागात लाइट बंद, माग बंद, म्हणून मी लोटूबरोबर गॅरेजात गेलो. गणपतनं गाडीखाली जाऊन तासाभरात सेन्सर बदलला. गाडी चालू झाली, पण स्टिअरिंगपुढचा इशाऱ्याचा पिवळा दिवा जळतच राहिला आणि रेसवरचा पाय सुटून इंजिन स्लोवर येताच थरथरून बंद. लोटू पांढरा पडला. गणपत म्हणाला, घाबरू नको, सेन्सर नवा आहे पण कॉम्प्युटरच्या डोक्यात अजून जुन्याचंच भरलंय. ते पुसावं लागेल.

पुसायचं म्हणजे काय, तर चावी बंद करून बॅटरीची मायनसची तार काढायची आणि अर्धा तास तशीच ठेवायची. आत साठलेली वीज उतरली की कॉम्प्युटर सगळं विसरतो. मग तार लावायची, गाडी चालू करायची आणि दहा मिनिटं स्लोवर सोडायची. पंखा नको, दिवा नको, एसी नको, आणि रेसवर पाय तर अजिबात नको. त्या दहा मिनिटांत ते यंत्र आपलं आपण शोधून काढतं, की मला उभं राहायला हवा किती लागते, पेट्रोल किती. "तू मध्ये पाय घातलास," गणपत म्हणाला, "तर ते तुझ्या पायासकट शिकेल. पाय काढलास की पडेल."

लोटूला तार काढायचीच भीती. सगळं विसरलं आणि परत काही आठवलंच नाही तर? चावी बंद आहे ना, हे त्यानं चारदा पाहिलं, शेवटी चावी काढून माझ्या खिशात टाकली. अर्धा तास आम्ही तिघं त्या उघड्या बॉनेटपाशी उभे, ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. चहा आला, लोटूनं घेतला नाही.

तार लावली. गाडी चालू झाली. सुरुवातीला बरी वाटली, मग आवाज खाली खाली जायला लागला, दारं थरथरली, आणि अगदी बंद पडणार तोच सावरली. परत खाली गेली. पाचेक मिनिटं गेली असतील, एकाएकी आवाज चढला. गणपतनं आत वाकून पाहिलं. लोटूचा पाय रेसवर.

मी नाही दाबला, म्हणाला लोटू. तो खोटं बोलत नव्हता. पुन्हा तार काढली, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या खेपेला गणपत खाली बसून पायाकडंच बघत राहिला. इंजिन खाली गेलं की लोटूच्या पोटरीत दोरी ओढल्यासारखं व्हायचं आणि अंगठा पुढं सरकायचा. गणपतनं त्याला हटकलं, तरी पाय पोचलाच. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला बसव ना. गणपतलाही ते पटलं होतं, तो स्वतःच बसायला निघाला. पण लोटू उतरेना. म्हणाला, सोमवारी फाटकात हिच्यात मीच असणार, हिला माझ्यासमोरच शिकू दे.

तिसऱ्या खेपेला त्यानं चप्पल काढून बाहेर ठेवली. चावी फिरवली आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. स्टिअरिंग गुडघ्यांना लागत होतं, तरी कसाबसा पंगतीला बसल्यासारखा बसला. गॅरेजातली बाकीची माणसं हसली. एक जण म्हणाला, मामांना पत्रावळ वाढा. लोटूनं डोळे मिटले.

इंजिन खाली गेलं. तोच आवाज, फाटकातला, इंजिन हातातून सुटताना येतो तो. दारं थरथरली. लोटूनं दोन्ही हातांनी आपली पावलं धरली. आणि नेमकी त्याच वेळी भिंतीपलीकडून रेल्वेचा भोंगा आला. उधन्यात गाड्या जातच असतात, त्यात नवल काही नाही, पण त्या क्षणी मलाही वाटलं की ती आपल्याच अंगावर येतेय. जमीन हलायला लागली. आमच्या इंजिनाचा आवाज रेल्वेच्या खडखडाटात बुडाला, चालू आहे की मेलं, काही कळेना. लोटूचे ओठ हलत होते. तो देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. जवळ गेलो तर तो डबे मोजत होता.

गाडी गेली. आवाज ओसरला आणि खालून आमचं इंजिन ऐकू आलं. संथ, एकसारखं, चुलीवर वरण शिजतं तसं. पिवळा दिवा विझला होता. गणपतनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, बारा मिनिटं झाली, पाय खाली सोड. लोटूच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. दोघांनी धरून उतरवला तेव्हा मघाशी हसलेल्यांतलाच एक जण त्याची चप्पल घेऊन आला.

रविवारी दुपारी भर उन्हात त्यानं मला शेजारी बसवून गाडी तापेपर्यंत फिरवली आणि मग फाटकावरून नेली. एकदा नाही, सहा वेळा. सहाव्या वेळी फाटकवाल्यानं आम्हाला थांबवून विचारलं, तुमचं काही हरवलंय का. गाडी एकदाही अडखळली नाही. मी मात्र दर खेपेला दाराचा खटका धरून बसलो होतो, हे आज कबूल करतो.

सोमवारी निशा परीक्षेला निघाली. फाटक उघडं, लाइन मोकळी. लोटूनं अलीकडं गाडी उभी केली, मागचं दार उघडलं, पोरीला हाताला धरून रुळापार नेऊन फाटकवाल्याच्या कट्ट्यावर बसवलं, परत येऊन एकट्यानं गाडी पार केली आणि पलीकडं तिला पुन्हा आत घेतलं. दुपारी येताना तेच. मंगळवारी तेच. मागचे लोक भोंगे वाजवायचे, काय काय बोलायचे. लोटू ऐकून घ्यायचा.

महिन्याभरात हे शेठच्या कानावर गेलं. त्यानं बोलावून विचारलं तेव्हा लोटूनं रुळावरची सगळी हकिगत सांगितली, पोरीला उतरवलं नाही हेसुद्धा. नोकरी गेली असं धरूनच तो सांगत होता. शेठनं त्याला काढलं नाही. पुढच्या आठवड्यात शेठ स्वतः गाडीत होता. फाटक आलं तसा तोही उतरला आणि धोतराचा सोगा धरून पायी पलीकडं गेला.

हे निशा कॉलेजात जाईपर्यंत चाललं. पोरगी ओठाला लाली लावायला लागली तरी फाटकात उतरायची, मैत्रिणी हसायच्या. मधल्या काळात गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. एका दसऱ्याला त्याच गाडीला झेंडूची माळ बांधत असताना मी त्याला विचारलं, लोटू, सेन्सर नवा, कॉम्प्युटर पुसलेला, इतकी वर्षं ही खोकलीसुद्धा नाही, मग अजून पोरीला का चालवतोस? त्यानं माळेची गाठ मारली, उजव्या पायाकडं पाहिलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, गाडीनी बॅटरीनी तार काढी, ती इसरी गयी. मनी कोनती तार काढू, ते दाखाड. तवलोंग पोर पायीच जाई."