खालच्या विहिरीचं पाणी

मासे आबांसाठी आणले होते, पण तसं मी कुणाला सांगितलं नाही. माझी नोकरी बारामतीत, आणि शनिवारी एसटीने शेळगावला घरी. त्या शनिवारी मांडीवर पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात चार मासे, रुपयाच्या नाण्यासारखे चपटे आणि चमकणारे. शेजारच्या बाईंनी विचारलं, "खायाचे का गं?" मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसाने काही विचारलं की माझ्या तोंडातले शब्द मानेत उतरतात.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. तरुणपणी त्यांची मेंढरं होती आणि ती घेऊन ते रानोमाळ हिंडत. पुढे ऊस आला आणि मेंढरं विकली. आता गुडघे साथ देत नाहीत. ओसरीवरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून ते दिवस काढत. जेवायला हाक मारली की "व्हय" म्हणायचे, तेवढंच बोलणं. काचेची पेटी मी त्याच भिंतीला लावून ठेवली.

दुकानदार म्हणाला होता की हे खाडीतले मासे आहेत, त्यांना जरा खारं पाणी लागतं. खाऱ्या पाण्याची आमच्याकडे वानवा नव्हती. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून आमचं खालचं रान क्षारपड झालं आहे. उन्हात तिथल्या ढेकळांवर पांढरा थर चढतो, आणि त्या रानातली विहीर इतकी मचूळ की म्हैसही तोंड लावून मागे सरते. तिचं पाणी आणून मी पेटीत ओतलं आणि दुकानातून आणलेलं समुद्री मीठ थोडं मिसळलं.

तिसऱ्या प्रहरी ओसरीवर ऊन यायचं. ते पेटीतून जाताना वाकायचं आणि छतावर पाण्याच्या हलत्या जाळ्या पडायच्या. खाट, दोरीवरचे कपडे, आबांचा पांढरा पटका, सगळंच पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. लांबून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा, तोही पाण्यातून आल्यासारखा. आई तांदूळ निवडायला तिथेच बसायची. आम्ही तिघं काही न बोलता बसून राहायचो आणि मला ते फार बरं वाटायचं. एकदा मात्र आबाच बोलले.

"ही चार न्हाईत."

"मग किती आहेत, आबा?"

"एकच हाय. बघ की, एक वळला की सारी वळत्यात. मेंढरंच."

उन्हाळ्यात खालची विहीर तळाला गेली. पेटीतलं पाणी कमी झालं की आई त्यात जारचं फिल्टरचं पाणी घालू लागली. आमच्या घरात त्या पाण्याला मान आहे. आधी पाहुण्याला, मग आबांना, उरलं तर आम्हाला. माशांनाही आई पाहुण्यांतच धरत होती.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "अगं, एका माशाला मीठ फुटलंय."

शनिवारी मी पोचले तेव्हा आबा काचेला नाक लावून बसले होते. तिघं एकत्र फिरत होते. चौथा कोपऱ्यात एकटा उभा होता, पंख मिटलेले आणि चांदीचा रंग जाऊन काजळीसारखा काळवंडलेला. अंगावर पांढरे ठिपके. मधूनच तो झटका देऊन दगडावर अंग घासायचा.

"कळप सोडून उभं ऱ्हायलं की जनावर दुखण्यात हाय समजायचं," आबा म्हणाले. "मीठ फुटलंय त्याला. आपल्या रानाला फुटतंय तसंच. गोड्या पाण्यानं धुऊन काढाय पायजे."

"म्हणून तर रोज जार वततीया मी, मामंजी," आई म्हणाली.

क्षारपड रानावर आमच्याकडे हाच इलाज करतात. गोडं पाणी सोडून मीठ खाली घालवतात. माशावरही दोघांनी जीव लावून तोच इलाज चालवला होता आणि मासा दिवसेंदिवस काळा पडत होता.

मी फोनवर त्याचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. एकेक ठिपका रव्याच्या कणासारखा, वर उचललेला, पंखांवरसुद्धा. मीठ असतं तर ते पाण्यात विरघळलं नसतं का? माशाचे कल्ले भराभर उघडझाप करत होते. फोनवर वाचत गेले तसा रोग कळत गेला, पण जे कळलं ते सगळं इंग्रजीत. ते आबांसमोर, आबांच्याच म्हणण्याच्या उलट, मराठीत सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "हे परजीवी असतात, आणि पाण्याची क्षारता..."

"मास्तरीणबाई," आई हसली, "आमच्या भाषंत सांगा की!"

मी फोन बाजूला ठेवला. पेटीतला काळा मासा जरासा कलंडला, मग सावरला.

"गोचीड आहे," मी म्हटलं. "गोचिडीसारखंच. अंगाला चिकटून खातं."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "गोचीड? एवढी बारीक?"

"हो. आणि तिला खारं पाणी सोसत नाही. माशाला सोसतं."

"खाऱ्यानं आमचं रान मेलं, पोरी. त्यानं जीव कसा वाचंल?"

मी पेटीत बोट बुडवून चाखलं आणि वाटीत थोडं पाणी काढून त्यांना दिलं. त्यांनी जिभेवर घेतलं. "गोडं हाय."

"यांच्या मुलखात असं नसतं, आबा. नदी समुद्राला मिळते तिथले हे."

आबांनी समुद्र पाहिलेला नाही. "तितं पानी कसं असतंय?"

"आपल्या खालच्या विहिरीसारखं. त्याहून खारट."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी आमचं वाया गेल्यालं रान ह्यास्नी चाललं असतं."

आई खालच्या विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी कळशीत भरून आणू लागली. वाटेत शेजारीण बोललीच, "घरात फिल्टर असताना हे कुठलं गं पानी?"

"पावण्यांला शुगर निघालीया," आई म्हणाली. "गोड बंद केलंय."

मी बादलीत समुद्री मीठ कालवायची आणि काचेची छोटी नळी त्यात सोडायची. पाणी जितकं खारं, तितकी ती नळी वर तरंगते. नंतर पेटीतलं थोडं गोडं पाणी मगाने काढायचं आणि तेवढंच खारं हळूच घालायचं. एकदम सगळं ओतलं तर मासाही सोसू शकला नसता. घाई करता येत नव्हती आणि तेच कठीण होतं. रविवारी दुपारी काळा मासा तळाशी आडवा झाला. फक्त कल्ला हलत होता.

आबांनी ते पाहिलं. भाकरी अर्धी ठेवली, हात धुतला आणि कूस बदलली. पेटीकडे पाठ करून झोपले. आई उरलेली भाकरी झाकत होती; ती कशाला घाबरली ते मला कळलं. हा मासा गेला तर आबा या कुशीवर परत वळायचे नाहीत.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला फोन करून घरात आजारपण आहे म्हणून सांगितलं. पुढचे दिवस एकमेकांत विरघळून गेले. ऊन यायचं, छतावर जाळ्या हलायच्या, मी मगाने पाणी घालायची. ठिपके एकेक करून गळाले. मासा उठून उभा राहिला, कोपऱ्यातच. मग पाठीच्या कडेने चांदी परत येऊ लागली, पहाटे डोंगराची कड उजळते तशी. आबांची पाठ तशीच होती.

एका दुपारी मी पाण्याचा मग बाजूला ठेवत होते. तिघं माझ्या हाताला बिचकून वळले आणि कोपऱ्यातला चौथाही त्यांच्याबरोबर वळला. पुन्हा वळले, पुन्हा तोही.

मला मोठ्याने बोलता येत नाही. तरी म्हटलं, "आबा."

पाठ हलली नाही. "किती ऱ्हायली?" त्यांनी विचारलं.

मी पेटीकडे नीट पाहिलं.

"एकच आहे," मी म्हटलं.

खाट करकरली. आबा हाताने गुडघा उचलत सावकाश या कुशीवर वळले.