इंजिन सगळ्यात शेवटी

आमच्या घरात गाडीला वर्षातून एकदाच काही नवं मिळतं, आणि तेही खंडेनवमीला, तलवारीच्या शेजारी ठेवून. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्यामागे उरली एक तलवार, आणि हत्यारं घासूनपुसून, तेल लावून पूजायची रीत. तलवारीनं आता कोहळासुद्धा कापला जात नाही, त्याला विळीच घ्यावी लागते. पण पाटावर तिचा मान पहिला. मग बाबांचा स्क्रूड्रायव्हर, आईची कात्री, माझा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. मी कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते, त्यामुळे लॅपटॉपवरची ही एका दिवसाची जप्ती मला मनापासून आवडते.

गाडी म्हणजे बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली पांढरी हॅचबॅक. तिच्यावर त्यांचा जीव, आणि तिनंच त्यांची लाज काढली. पुण्याहून आत्या सहकुटुंब आली होती. तिला किल्ला दाखवायला निघालो, तर उरवाईच्या चढावर, दगडात कोरलेल्या मोठ्या मूर्तींच्या जरा अलीकडे, गाडीनं दम तोडला. मागून हॉर्न वाजू लागले. सगळी मंडळी उतरली आणि डबे हातात घेऊन चढ चढू लागली. आत्या फार गोड बोलते. ती म्हणाली, "असू दे रे दादा, तुमच्या ग्वाल्हेरला काय, टांगाच बरा." बाबा हसले, पण त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. ही गाडी भरल्या माणसांनिशी तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न थांबता, किल्ल्यावर गेली पाहिजे.

नवी गाडी घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं. आहे तिलाच दमदार करायचं, वर्षाला एक काम, जेवढं अंथरूण तेवढेच पाय. प्रश्न फक्त आधी काय, हा होता. मी रात्रंदिवस व्हिडिओ बघून माझा क्रम ठरवला: आधी एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि इंजिनाचं ट्यूनिंग, उरलेलं नंतर. बाबांचा क्रम नेमका उलटा होता. आधी टायर, मग ब्रेक, मग शॉकअॅब्सॉर्बर, ज्यांना इथे सगळे शॉकर म्हणतात, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

"बाबा, चढ टायरनं नाही चढत, इंजिननं चढते गाडी," मी म्हणाले.

"आणि उतरते कशानं?"

"तुम्ही पण ना. आधी चढू तर द्या तिला."

"पळणं कुणालाही येतं. थांबणं शिकवावं लागतं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी पुस्ती जोडली, "काही काही लोकांना तर फारच."

मी तशी तापट आहे. बाबांच्या मते मला नवीन इंजिनाची गरज नाही, आहे तेच बरंच गरम होतं.

माझ्या घाईला मात्र एक कारण होतं. हे क्रम ठरायच्या थोडं आधीच बाबांना बाजूचं नीट दिसेनासं झालं होतं. दारातून जाताना चौकटीला खांदा लागायचा आणि ते चौकटीलाच रागवायचे. मी त्यांना कंपू भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ, म्हणून ते एकटेच आत गेले आणि मी हॉस्पिटलभोवती चकरा मारत राहिले. बाहेर येऊन ते म्हणाले, "काचबिंदू आहे. थेंब घालायचे. अजून चार-पाच वर्षं तरी काही होत नाही, म्हणाले."

चार-पाच वर्षं, आणि वर्षाला एक काम. बाबांच्या क्रमानं गेलं तर इंजिनाची पाळी येईपर्यंत त्यांच्या हातात स्टिअरिंग राहील की नाही, हे सांगता येत नव्हतं. मला ते दृश्य हवं होतं: बाबा स्टिअरिंगवर, तिसरा गिअर, आणि मागच्या सीटवर आत्या. त्यासाठी मी भांडले, रुसले, एक दिवस जेवलेही नाही. बाबा ढिम्म. दर वेळी एकच उत्तर, "बघू."

पहिल्या खंडेनवमीला टायर आले. नवे टायर हळदीकुंकू लावून भिंतीला टेकून बसले होते, आणि माझी त्यांच्याकडे बघण्याची इच्छा नव्हती. बसवल्यावर गाडी वळणावर घट्ट धरून चालते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी ब्रेक. चांगल्यातले पॅड आणि डिस्क दिल्लीहून मागवले. मेकॅनिक दसऱ्यानंतर बसवणार होता, म्हणून खोकं घरात आलं, आणि घरात आलेली नवी वस्तू पूजेशिवाय कशी राहणार? आईनं तलवार पुसली, तेलाचं फडकं फिरवलं, कात्रीला लावलं, स्क्रूड्रायव्हरला लावलं. मग खोकं उघडून तिनं एकेका पॅडला तितक्याच मायेनं तेल चोळलं. पॅडनंही ते आनंदानं पिऊन घेतलं. आम्ही आरती केली, प्रसाद खाल्ला. रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावला नाही, त्यामुळे तेल मुरायलाही भरपूर वेळ मिळाला.

मेकॅनिकनं पॅड हातात घेतला, अंगठा फिरवला, वास घेतला. "दीदी, इसमें तेल किसने लगाया?"

"पूजा थी," मी म्हणाले.

ब्रेकच्या पॅडला तेल म्हणजे पाय दाबायचा आणि गाडीनं पुढेच घसरायचं, हे त्यानं देवाचा अपमान होणार नाही अशा बेतानं सांगितलं. डिस्क धुऊन चालणार होती, पॅड मात्र कामातून गेले. घरी येऊन मी आईवर अशी कडाडले की शेजारच्या काकू चहाची पावडर मागायला आल्या, ती न मागताच परत गेल्या.

"हत्याराला तेल लावतात, मला काय माहीत की ह्याला नाही लावत," आई म्हणाली. "त्यावर लिहिलं पण नव्हतं काही."

तिचं खरंच होतं. आमच्या घराण्यात इतक्या पिढ्यांत एकही हत्यार असं आलं नव्हतं, ज्याला तेल वर्ज्य आहे. पण त्या फडक्यानं माझं एक वर्ष पुसलं. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा पॅडच आले, आणि शॉकर व इंजिन एकेक वर्ष मागे सरकले. मी बाबांना म्हणाले, निदान आता तरी शॉकर सोडून देऊ, सरळ इंजिन करू. ते म्हणाले, "क्रम ठरलाय न? मग ठरलाय."

एवढ्या काळात त्यांनी गाडी चालवलीच नाही. लष्कर भागातल्या बाड्याच्या चौकात जायचं असलं की म्हणायचे, "लष्करात गर्दी किती झाली आहे, तू घे." नया बाजारात जायचं असलं तर म्हणायचे, "तिथे टेम्पोवाले ऐकत नाहीत, तूच घे." मला वाटायचं, हे त्या दिवसासाठी स्वतःला राखून ठेवतायत. कुठल्या वळणाला कुठला गिअर, हे ते जेवतानासुद्धा मला सांगत असत, आणि मी भाजी वाढून घेत "हो, हो" करत असे.

शॉकरनंतर अखेर इंजिनाचं वर्ष आलं. फिल्टर, एक्झॉस्ट, ट्यूनिंग, सगळं गणपतीनंतर हळूहळू होऊन गेलं. पण त्याआधीच बाबांना ताटातली वाटी हातानं चाचपावी लागत होती. खंडेनवमीला किल्ली पाटावर ठेवताना ती त्यांनी बाजूच्या कात्रीवर ठेवली. आईनं ती उचलून नीट ठेवली. मला इतका राग आला, की कुणावर काढावा ते समजेना. टायरवर, तेलावर, बाबांच्या त्या क्रमावर. क्रम माझा असता, तर त्यांनी केव्हाच गाडी किल्ल्यावर चढवली असती.

दसऱ्याला सकाळी किल्ली उचलली आणि आम्ही निघालो. आत्या पुण्याहून आली होती. तिला मागे बसवलं, शेजारी आई, तिच्या मांडीवर बासुंदीचा डबा. बाबा माझ्या शेजारी. उरवाईला चढ लागला आणि मी तिसरा टाकला. गाडी वर जात राहिली. मूर्ती आल्या, गेल्या. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता आणि इंजिनाचा आवाज ते कान देऊन ऐकत होते. वर पोचलो तेव्हा आत्या म्हणाली, "अगं बाई, पोचलो पण?" बाबांनी नुसती मान हलवली, पण दिवसभर ते मिशीत हसत होते.

उतरताना, मूर्तींच्या वळणावर, समोर गाय. आडवी, रस्ताभर, शांत. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. गाडी जराही न सरकता, सरळ, जागच्या जागी थांबली. गाय अगदी बंपरपाशी उभी होती.

"बासुंदी नाही सांडली," मागून आईचा आवाज आला. "लावलं होतं न मी तेल."

आत्या हसत सुटली. बाबा हसले नाहीत. त्यांनी चाचपत माझा हात शोधला आणि गिअरवरच धरून ठेवला.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "आजपासून गाडी चालवायची नाही म्हणून. चार-पाच वर्षं मी आपलं तुम्हाला सांगितलं."

"म्हणजे? मग हे सगळं... बाबा, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही चालवणार नाही?"

"माहीत होतं, म्हणून तर. मी चालवणार असतो, तर इंजिनच आधी घेतलं असतं."

मला खूप बोलायचं होतं. इतकी वर्षं भांडले त्याचा हिशेब मागायचा होता, डॉक्टरांचं लपवलं म्हणून कडाडायचंही होतं. पण मी हात उलटा करून त्यांचीच बोटं घट्ट धरली. माझं हे असं फार क्वचित होतं.

गायीला सावकाश सुचलं आणि ती बाजूला झाली.

"दुसऱ्यात घे," बाबा म्हणाले. "उतार आहे अजून."

मी दुसऱ्यात घेतली.